कापडावरची काळी नदी

आमच्या वखारीत न विकण्याच्या दोन गोष्टी होत्या. एक भिंतीवरचा नकाशा, आणि दुसरा, नंतर आलेला, सागवानाचा एक ओंडका. नकाशा आता माझ्या कपाटात आहे. ओंडक्याचं काय झालं ते शेवटी सांगते. अव्वाला, माझ्या आईला, जाऊन उन्हाळा उलटला, तरी मला कुठलीच गोष्ट घाईनं सांगता येत नाही. एक वाक्य लिहून होतं, मग मी उठून पाणी पिते, खिडकी लावते, परत उघडते. रडू येत नाही. आलं असतं तर कदाचित लिहायला बसलेच नसते.

घर वखारीच्या मागंच होतं. मध्ये एक पत्र्याचं दार. त्या दारातून भुसा घरात यायचा आणि सगळ्यात मिसळायचा. अंथरुणात, केसांत, माझ्या पुस्तकांच्या शिवणीत. अव्वा त्याच भुशावर स्वयंपाक करायची. शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा आणि मग बाटली हळूच फिरवत वर काढायची. बाटलीच्या जागी पडलेल्या पोकळीतून दिवसभर सावकाश आग चालायची. सागाचा भुसा असला की भाकरीला एक वास लागायचा. तो मला अजून कधीकधी रस्त्यानं जाताना कुठूनतरी येतो. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की करवत सुरू व्हायची, ती दुपारी जेवणापुरती थांबायची. तिचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे, म्हणजे सवयीनं. ऐकू यायचं ते फक्त तो बदलला की. गावातून आलेल्या लिंबाच्या, चिंचेच्या खोडांत लोकांनी कधीकाळी ठोकलेले खिळे असायचे, झाड त्यांना गिळून टाकायचं आणि वरून काही दिसायचं नाही. करवत त्यावर गेली की अशी किंचाळायची की अव्वाच्या हातातली भाकरी थांबायची. मग लतीफचाचा, आमचे करवतवाले, मशीन बंद करून शिव्या देत पात्याचे मोडलेले दात वेचायचे. म्हणून गावठी लाकूड आलं की ते आधी दोन्ही तळव्यांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चाचपायचे. खिळा असला तर सालीखाली कुठंतरी गाठ लागतेच, असं त्यांचं म्हणणं. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो आणि एकमेकांच्या पाठी चाचपायचो.

नकाशा अण्णांच्या, माझ्या वडलांच्या, गादीच्या मागं टांगलेला असे. आजोबांनी तो कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा घेतला होता. कापडावर चिकटवलेला, घडीच्या रेषांवर तुकडे पाडलेला, चारी कडांना पिवळा पडलेला. त्यावर काळी नदी होती, सगळी, वरच्या डोंगरांपासून खाडीपर्यंत. आमचं बरंचसं सागवान तिच्याच खोऱ्यातून, दांडेलीच्या डेपोतून यायचं. नदी निळी, रान हिरवं, आणि रानावर तपकिरी रेषांची दाटी. ओंडके बांबूंना बांधून नदीत सोडायच्या जागा, हत्तींची वाट, साहेबांचे बंगले, सगळं बारीक इंग्रजी अक्षरांत. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण नकाशा येत होता. त्यांनीच मला तो वाचायला शिकवला. एक रेष म्हणजे एक उंची, रेषा दाटल्या की चढ, पांगल्या की सपाटी. मी शाळेतून आले की ते एखाद्या ओंडक्याकडं हनुवटी करायचे आणि नकाशावर बोट ठेवून विचारायचे, "गौरा, हे कुटलं नाव लिवलंय बग." मी वाचायची. ते मान हलवायचे. घरातल्या कुणाशीही मी इतकं थोडं बोलून इतका वेळ बसलेली नसेन. नकाशाला ओला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम होता. लतीफचाचा म्हणायचे, शेठला पोरांपेक्षा त्या कापडाची काळजी जास्त.

अव्वा त्याच खोऱ्यातली. मत्तीकोप्प नावाचं, नदीकाठचं दहाबारा घरांचं गाव. अण्णांचे वडील लाकूड घ्यायला जायचे, तिच्या वडलांकडं उतरायचे, त्यातून लग्न जुळलं. सोलापुरात येऊन तिनं ज्वारीची भाकरी शिकली, शेंगाची चटणी कुटायला शिकली, मराठी शिकली. कानडी आमच्या घरात होतीच, पण तिची कानडी निराळी, बायका हसायच्या. वर्षातून एकदा शिवप्पामामा यायचा आणि मिठात घातलेले बांबूचे कोंब, कोकमं, उकड्या तांदळाचं गाठोडं घेऊन यायचा. त्या दिवसांत ती दोन्ही वेळा भात खायची. वखारीत ती कधी गेली नव्हती. बायका जात नसत. भिंतीवर तिचं गाव टांगलेलं आहे हे अण्णांनी तिला सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. नकाशा धंद्याचा होता आणि अव्वा घरची होती, एवढंच.

मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत असताना एकदा मामा गाठोड्याशिवाय आला. चहा घेताना त्यानं सांगितलं की धरणाचं नक्की झालंय, पुढच्या पावसानंतर पाणी चढणार, त्याआधी सगळं रान तोडून नेणार. झाडांवर आकडे पडलेत. गावाला दुसरीकडं जागा दिलीय, तिथं दगड फार आहेत. तो हे अशा आवाजात सांगत होता की जणू दुसऱ्याच कुणाच्या गावाबद्दल बोलतोय. अण्णा वखारीत गेले आणि नकाशा उतरवून घेऊन आले. पहिल्यांदाच तो त्या पत्र्याच्या दारातून आत आला. जेवणाच्या जागी फरशीवर पसरला आणि मामाला विचारू लागले, पाणी कुठपर्यंत म्हणतात, हा डोंगर राहतो का, ही वाट राहते का. मामाला नकाशा कळत नव्हता. तो नुसताच हो हो म्हणत होता.

अव्वा चटणीला हळद घालत होती. ती तशीच उठून आली. थोडा वेळ उभी राहिली, मग बसली आणि नकाशाची दोन टोकं धरून तिनं तो फिरवला. अण्णांच्या बाजूनं नदी डावीकडून उजवीकडं जायची, तिला ती उलटी हवी होती, तिच्या दारातून दिसायची तशी. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण तिचं बोट नदीवरून वर वर गेलं, एका वळणाशी थांबलं, तिथं मिळणाऱ्या ओढ्यातून थोडं आत गेलं, परत तोंडाशी आलं.

"हितं," ती म्हणाली.

अण्णांनी वाकून बघितलं. "हितं न्हाय गाव. गाव वर हाय, हे बग."

"गाव न्हाय म्हणत मी. हितं आपला पोरगा हाय."

करवत चालू असणार, पण मला तिचा आवाज आठवत नाही. माझ्याआधी एक मुलगा झाला होता हे मला त्या दिवशी कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, तसं ते मत्तीकोप्पला झालं, आणि तो दीड महिन्याचा होऊन गेला. अण्णांना तार मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. आमच्यात पुरतात. ओढ्याच्या तोंडाशी सागवानाच्या एका झाडाखाली अव्वाच्या वडलांनी त्याला ठेवलं. अण्णांनी त्याला कधी बघितलंच नाही. ती दोघं याविषयी एकमेकांशी कधी बोलली असतील असं मला वाटत नाही. अण्णांनी तपकिरी रेषा मोजल्या. धरणाची उंची मामाला तोंडपाठ होती. मलाही दिसत होतं. ओढ्याचं तोंड सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली होतं.

"जातंय का?" तिनं विचारलं.

"व्हय. जातंय."

"झाड?"

"झाडं तर आदीच तोडणार की."

ती "बरं" म्हणाली आणि चटणीकडं परत गेली. नकाशावर तिच्या बोटाचा पिवळा डाग पडला होता, ओढ्याच्या तोंडावर, चिंचोक्याएवढा. अण्णांनी तो पुसला नाही. ओल्या हाताबद्दल काही बोलले नाहीत. संध्याकाळी ती त्यांना म्हणाली की तिथल्या लाकडाच्या लिलावाला जाल तेव्हा मी येणार. त्यांनी नको म्हटलं असतं तर तिनं काय केलं असतं, मला माहीत नाही. त्यांनी म्हटलं नाही.

काही महिन्यांनी लिलाव लागला, तेव्हा माझ्या धाकट्या भावाला शेजाऱ्यांकडं ठेवून आम्ही लॉरीतून निघालो. पुढं ड्रायव्हर, अव्वा आणि मी. अण्णा मागं हौद्यात क्लीनरबरोबर. ड्रायव्हर गमत्या होता. मालकिणीला घेऊन लाकूड आणायला जाणारी ही पहिलीच लॉरी, तेव्हा आज घाटातल्या पोलिसानं सलाम ठोकायला पाहिजे, असं काहीतरी तो बोलत राहिला. अव्वा हसली, तोंडापुरती. मंद्रूप गेलं, भीमेचा पूल गेला. पुढं कधीतरी तिनं ड्रायव्हरला कळू नये म्हणून तिच्या निराळ्या कानडीत मला एक गोष्ट सांगितली. पुरल्यावर तिच्या वडलांनी त्या झाडात गाडीच्या चाकाची लोखंडी खीळ ठोकली होती, तिच्या छातीएवढ्या उंचीवर, पुरती आत जाईपर्यंत. तान्ह्या पोराला वरून काही लागू नये म्हणून. आपल्यात असलं करत नाहीत, पण रानातले लोक करतात आणि आजोबा रानातच राहत होते. तुझ्या अण्णाला हे आवडणार नाही, सांगू नकोस, ती म्हणाली. मी सांगितलं नाही. ते हौद्यात होते, ताडपत्रीवर झोपले होते.

मी रान बघायला निघाले होते. नकाशावरचं हिरवं. आम्ही पोचलो तेव्हा तिथं रान नव्हतं. डोंगर होते, सोललेले, आणि खाली नदी, नकाशावर होती त्यापेक्षा पुष्कळ अरुंद. जिकडं बघावं तिकडं झाडांचे खुंट. अव्वा लॉरीतून उतरून उभी राहिली आणि तिला दिशाच कळेना. लहानपण गेलेल्या जागेत तिला आपलं घर कुठं ते सांगता येईना, कारण ती झाडांवरून ओळखायची. अण्णांनी बॉनेटवर नकाशा पसरला. डोंगराची सोंड, नदीचं वळण, ओढा. या तीन गोष्टी तोडून नेता आल्या नव्हत्या. ते पुढं चालले, मागून आम्ही. ओढ्याच्या तोंडाशी सागवानाचे खुंट होते, वीसपंचवीस तरी, जवळजवळ, सगळे सारखे. अव्वानं चपला काढल्या. एकेका खुंटापाशी जायची, नदीकडं बघायची, परत पुढं. शेवटी एकापाशी थांबली.

"हे असंल," ती म्हणाली.

मग ती त्या खुंटावर बसली. एसटीची वाट बघत बसतात तशी, हात मांडीवर ठेवून. आम्ही उभे होतो. ऊन होतं. खूप वेळानं ती उठली तेव्हा अण्णांनी धोतराच्या सोग्यानं खुंटाची कापलेली बाजू पुसली. तिथं हातोड्यानं ठोकलेला आकडा होता. झाड तोडलं की खुंटावर आणि ओंडक्यावर एकच आकडा मारतात, म्हणजे कुठला ओंडका कुठल्या झाडाचा हे चोरीच्या वेळी सापडतं. वखारीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. पण चोरीखेरीज दुसऱ्या कामासाठी तो आकडा कुणी वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. अण्णांनी तो दोनदा मोठ्यानं म्हटला. "ओंडका डेपोत आसंल," ते अव्वाला म्हणाले, तिच्याकडं न बघता. "आणतो मी."

डेपोत आम्ही बाहेर बाभळीखाली बसलो, दशम्या आणि चटणी खाल्ली. आत मैलभर ओंडक्यांच्या रांगा होत्या. अण्णा ऊन उतरल्यावर आले, कपडे धुळीनं लाल, आणि "घेतला" एवढंच म्हणाले. ड्रायव्हरनं विचारलं, कुठला, तर ते हौद्यात चढले.

ओंडका पुढच्या खेपेला सोलापूरला आला. त्या दिवशी अव्वा पहिल्यांदा पत्र्याच्या दारातून वखारीत गेली. लतीफचाचांनी करवत थांबवली. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर आकडा होता, तोच, मलाही पाठ होता. अव्वानं बुंध्याकडून सुरुवात केली आणि ओंडक्यावरून हात फिरवत शेंड्याकडं गेली, मग परत मागं आली. निजलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा तो हात मला वाटला. अण्णा बाजूला उभे होते. ती म्हणाली, "हेच." तिनं घरातून विभूती आणली, ओंडक्याच्या तोंडावर तीन बोटं ओढली आणि स्वयंपाकाला गेली.

त्यानंतर दर सोमवारी ती येत राहिली. वखारीतल्यांना सवय झाली. तो ओंडका पत्र्याच्या शेडखाली दोन दगडांवर आडवा होता, त्याच्यावर पाय ठेवायचा नाही, डबा ठेवायचा नाही. गिऱ्हाइकं विचारायची. नवी पेठेतला एक सराफ दुकानाच्या दारांसाठी सागवान बघायला आला, त्याला तोच हवा होता. ह्याला काय मुहूर्त लागतो का शेठ, असं त्यानं चेष्टेनं विचारलं. अण्णा म्हणाले, "व्हय." तो हसत निघून गेला. मी शिकले, शाळेत शिकवायला लागले, पुस्तकांत राहिले. लग्न केलं नाही, त्याचीही मोठी कथा नाही. अण्णा गेले. अव्वा नंतर पुष्कळ वर्षं राहिली, शेवटी शेवटी तिला मराठी आठवेनाशी झाली, फक्त ती निराळी कानडी उरली. तरी सोमवारी विभूतीची डबी हातात घेऊन बसायची. मी तिला धरून शेडपर्यंत न्यायची. तिला पुरलं तेव्हाही मी अशीच होते, आता आहे तशी. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला, मी विचारलं, जेवलात का.

वखार आता भावाचा मुलगा विरेश बघतो. बघतो म्हणजे बंद करतोय, तिथं गाळे होणार आहेत. मुलगा चांगला आहे. मी त्याला नकाशा दाखवला तेव्हा त्यानं फोनवर तेच खोरं काढून दिलं, वरून काढलेलं, आणि पाणी दाखवलं. मोठं, फांद्या फुटलेलं, गडद पाणी. "आत्या, तुमचं ते वळण कुठं?" त्यानं विचारलं. मला सांगता आलं नाही. मग फोन खिशात ठेवून तो म्हणाला, ओंडक्याचं काय करायचं, जागा रिकामी करायचीय. मी म्हटलं, काप. मला दुसरं काही सुचलं नाही. घरात तो मावत नाही, आणि विकायचा नाही.

करवतीवर आता लतीफचाचांचा मुलगा असतो. त्याला मी सांगितलं की यात लोखंडाची खीळ आहे, बुंध्याकडून छातीएवढ्या उंचीवर, सावकाश घे. त्यानं ओंडका दोन्ही हातांनी चाचपला. "लगता तो नै, आपा," तो म्हणाला. मी म्हटलं, झाड उभं होतं तेवढ्या वर्षांत त्यानं गिळली असेल, आहे नक्की. त्यानं पाणी मारलं, पट्टा सैल-घट्ट करून बघितला आणि ओंडका ट्रॉलीवर चढवला. मी शेडच्या खांबाला धरून उभी राहिले. कान त्या किंचाळीसाठी तयार होते. इतकी वर्षं ज्या आवाजाला भ्यायचो तो मला त्या दिवशी हवा होता.

करवत बुंध्यातून आत शिरली आणि शेंड्यातून बाहेर आली. आवाज एकसारखा. फळी पडली. दुसरी, तिसरी. त्यानं ओंडका फिरवला, परत लावला. सगळीकडं तो वास पसरला, भाकरीचा. आवाज कुठंच बदलला नाही. शेवटची फळी पडल्यावर त्यानं मशीन बंद केलं, सगळ्या फळ्या दोन्ही बाजूंनी बघितल्या, मलाही दाखवल्या. पिवळसर, स्वच्छ, एकही काळा डाग नाही.

"आपा, कील-बिल कुछ बी नै निकला," तो म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

अव्वानं खुंटच चुकीचा धरला असेल. सगळे सारखे होते, आणि ती "असंल" म्हणाली होती. किंवा तो ओंडका आधीच कुणी घेऊन गेला असेल, आणि अण्णांनी त्या मैलभर रांगांत त्याच घेराचा दुसरा निवडून त्यावर तो आकडा मारून घेतला असेल. ते तसं करू शकले असते. विचारायला आता दोघंही नाहीत. फळ्या माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्यात. समोर नकाशा टांगलाय. अव्वाचा डाग फिकट झालाय पण आहे. त्याच्याखाली ओढ्याचं तोंड आहे, नदीचे दोन्ही काठ आहेत, मोजपट्टीनं बघितलं तर पाव मैल रान आहे.

मी बसून राहते आणि मला एकच गोष्ट परत परत दिसते. वखारीत करवत थांबलेली आहे. अव्वाचे दोन्ही तळवे बुंध्यापासून निघालेत, सालीवर टेकत टेकत, लतीफचाचा चाचपायचे अगदी तसे. छातीएवढ्या अंतरावर ते थांबतात. तिथं फिरतात, खाली जातात, पलीकडून वर येतात. शेंड्यापर्यंत जाऊन परत त्याच जागी येतात. काही लागत नाही. अण्णा ओंडक्याकडं बघत नाहीयेत, तिच्या हातांकडं बघतायत, आणि त्यांच्या चेहऱ्याला घाम आहे. ती हात उचलते, पदराला पुसते, त्यांच्याकडं बघते.

"हेच," ती म्हणते.